सोमवारी साडेसात ते नऊ

ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच रुग्णांच्या शरीराला ऑपरेशनचा धक्का बसला होता. माझ्यासमोरचा आलेख तरी तसंच सांगत होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आलेख बदलला नाही.

मी मल्लेश्वरममधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं बायोकेमिस्ट होते. रक्तात काय किती आहे ते मोजायचं आणि खाली सही करायची, हे काम. आम्हाला रुग्ण दिसत नाहीत, नळ्या दिसतात. ही गोष्ट निवृत्तीच्या आदल्या वर्षीची.

आमचे सर्जन डॉ. पराडकर मूळचे नागपूरचे. राहायला महादेवपुऱ्यात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांना पित्ताशयाच्या ऑपरेशनांचा अभ्यास करायचा होता. पित्ताशयात खडे झाले की ते काढून टाकतात. एक पद्धत ओपन, म्हणजे पोटावर हातभर छेद. दुसरी दुर्बिणीची, म्हणजे चार लहान भोकं. आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीनेच करतात, पण आमच्याकडे दुर्बिणीचा संच एकच होता. तो प्रायव्हेट विंगच्या रुग्णांना पुरायचा. जनरल वॉर्डच्या रुग्णांचं पोट उघडलं जायचं.

डॉक्टरांना दुसरा संच हवा होता, तोही जनरल वॉर्डसाठी. माणूस तापट, पण मनाचा चांगला. ट्रस्टच्या बोर्डाला पटवायला काहीतरी शास्त्रीय पाहिजे म्हणून त्यांनी कॉर्टिसॉल धरलं.

कॉर्टिसॉल हे हार्मोन. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्या ते सोडतात. ताप, अपघात, ऑपरेशन, काहीही संकट आलं की जास्त सोडतात. शरीराला सर्जन आणि दरोडेखोर यांतला फरक कळत नाही. पोट फाडलं, एवढंच कळतं. मग प्रश्न असा की कमी फाडलं तर धक्का कमी बसतो का? दोन्ही गटांचं रक्त तपासायचं आणि उत्तर द्यायचं.

प्रत्येक रुग्णाची तीन सॅम्पल्स ठरली. पहिलं भूल देण्याच्या आधी, दुसरं छेद दिल्यावर दोन तासांनी, तिसरं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. फॉर्मवर रकाने होते एक, दोन, तीन. फॉर्म डॉक्टरांनी बनवला आणि मी मान हलवली. ती मान हलवणं मला पुढे चांगलंच नडलं.

निकाल सुरेख आला. ओपनवाल्यांचं कॉर्टिसॉल वर, दुर्बिणीवाल्यांचं खाली, मध्ये भरपूर जागा. डॉक्टर खूश होऊन स्वतः लॅबमध्ये आले. एरवी ते इंटरकॉमवर ओरडायचे.

"चिटणीस मॅडम, ग्राफ द्या न लवकर. पुढच्या गुरुवारी बोर्ड आहे. हा ग्राफ पाहिला की राव सर काही बोलूच शकत नाहीत."

राव सर म्हणजे ट्रस्टचे सेक्रेटरी. ते बोलू शकत नाहीत असा प्रसंग मी तरी पाहिलेला नव्हता.

आलेख काढायला बसले तेव्हा ते पहिलं सॅम्पल डोळ्यांत खुपलं. पहिलं सॅम्पल म्हणजे अजून भूल नाही, सुरी नाही, काही नाही. तिथे दोन्ही गट सारखे असायला हवेत. ते नव्हते. ओपनवाले तिथेच पुढे होते. शर्यत सुरू होण्याआधीच कुणीतरी अर्धं मैदान पार केलं होतं.

मी डॉक्टरांना फोन केला.

"जनरल वॉर्डचे लोक घाबरतात हो," ते म्हणाले. "टेन्शन. त्यातही कॉर्टिसॉल वाढतं."

"प्रायव्हेट विंगचे घाबरत नाहीत?"

"त्यांना टीव्ही असतो खोलीत."

मला दुसरी एक शंका होती. कॉर्टिसॉलला घड्याळ कळतं. संकट असो नसो, ते पहाटेनंतर सगळ्यात वर असतं, मग दिवसभर उतरत जातं. सकाळी आठचं आणि दुपारी एकचं रक्त एकाच माणसाचं असलं तरी आकडे वेगळे येतात. आणि आमच्या फॉर्मवर एक, दोन, तीन होतं. किती वाजता, हे नव्हतं.

फॉर्मवर नव्हतं, पण माझ्या रजिस्टरमध्ये होतं. सॅम्पल लॅबमध्ये कधी पोचलं त्याची वेळ आम्ही लिहून ठेवतो. मी रजिस्टर काढलं. डॉक्टर पित्ताशयं फक्त सोमवारी काढायचे. ओपनवाल्यांची पहिली सॅम्पल्स सगळी आठच्या आत पोचलेली. दुर्बिणीवाल्यांची एकही नऊच्या आधी नाही, बरीचशी बारानंतर. एकही अपवाद नाही. इतकं शिस्तशीर काम आमच्या हॉस्पिटलात दुसरं कुठलंच होत नव्हतं, त्यामुळे माझा संशय वाढला.

ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, आइस बॉक्समध्ये सॅम्पल्स आणायची ती गौरम्मा. पन्नाशीची, काँट्रॅक्टवरची आया. रोज के. आर. पुरमहून यायची, तरी माझ्याआधी हजर असायची. आमचं बोलणं कन्नडमध्ये व्हायचं. मी याच गल्ल्यांत वाढलेली असल्यामुळे मला ते घरच्यासारखंच.

"गौरम्मा, सोमवारी ओपनच्या केसेस आधी का असतात गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोमवार का येतो असं विचारलंय.

"साडेसात ते नऊ राहुकाळ अल्वा, मेडम?"

वाचकांसाठी सांगते. अल्वा म्हणजे नाही का. राहुकाळ म्हणजे रोजचा दीड तासाचा अशुभ वेळ. वारागणिक बदलतो, सोमवारी साडेसात ते नऊ. इथे त्या वेळात लोक घराचा करार करत नाहीत, नवी गाडी शोरूममधून काढत नाहीत. पोट तर नाहीच उघडू देत. प्रायव्हेट विंगचे रुग्ण ॲडमिट होतानाच काउंटरवर सांगतात, नऊनंतरचं द्या. काउंटर देतो. ओटी मात्र साडेसातला उघडतं, सर्जन, नर्स, भूलतज्ज्ञ सगळे तयार. मग त्या वेळात कुणाला घ्यायचं? ज्याने काही सांगितलेलं नाही त्याला. म्हणजे जनरल वॉर्डला.

तीस वर्षं मी त्या हॉस्पिटलात होते. हे मला माहीत नव्हतं. गौरम्माला माहीत होतं, काउंटरला माहीत होतं, वॉचमनलाही माहीत असणार. आम्ही दोन पदवीधर मात्र घड्याळ मोजत होतो आणि त्याला सुरीचा धक्का म्हणत होतो.

आता खात्री करायची होती. तिसरं सॅम्पल सगळ्यांचं सकाळी सहाचं, म्हणजे तिथे घड्याळ सारखं. ते आकडे शेवटच्या पानावर होते आणि तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. मी गेले. तिथे दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत होते. सुंदर आलेखाची हवा गेली.

इथे मला गप्प बसायचं होतं. स्पष्टच सांगते.

कारण गौरम्माच्या स्वतःच्या पित्ताशयात खडे होते. दोनदा पोट धरून लॅबच्या दारात बसली होती, घामाने भिजलेली. ऑपरेशन टाळता येण्यासारखं नव्हतं. पण काँट्रॅक्टरचा नियम होता की पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाडा झाला की जागेवर दुसरी बाई. ओपन केलं तर महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, आणि तिचं काम म्हणजे उचलणंच. दुर्बिणीने केलं तर आठवड्याभरात सुटका. दुसरा संच आला की यादीत पहिलं नाव तुझं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. ती त्या आशेवर गोळ्या गिळत दिवस काढत होती. घरात कमावणारी ती एकटी.

आणि संच येणार होता माझ्या आलेखावर.

दोन दिवस मी आलेख कपाटात ठेवला. घरी नीट जेवले नाही. खोट्या आलेखाने एका गरीब बाईचं भलं होणार असेल तर माझं काय जातंय, असं स्वतःला विचारलं. तिसऱ्या दिवशी गौरम्मा बॉक्स ठेवून म्हणाली, "मेडम, गुरुवारी होईल ना?" मी "बघू" म्हटलं आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग नागपूर बाहेर आलं. ते चिडले की येतं.

"काय करून राहिले मॅडम तुम्ही? चार दिवसांवर मीटिंग!"

"आलेख चुकीचा आहे."

"दुर्बीण चांगली आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर! चांगल्या कामासाठी आहे. बोर्डात कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. सही माझी आहे."

त्यांनी पेपरवेट फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दुर्बिणीवाले तिसऱ्या दिवशी चालत घरी जातात. ओपनवाले खोकायलासुद्धा घाबरतात. हे मी डोळ्यांनी पाहतो. हे रक्तात दिसत नाही, असं सांगता तुम्ही मला?"

तो प्रश्न बरोबर होता. राग बाजूला ठेवला तर नेहमी त्यांचा प्रश्न बरोबर असायचा.

मी लॅबमध्ये परत आले आणि फ्रीझर उघडला. माझी एक सवय होती, तिच्यावरून सगळे हसायचे. तपासणी झाली तरी उरलेलं सीरम मी फेकायचे नाही. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी. फ्रीझरमध्ये चिटणीसबाईंचं लोणचं मुरतंय, असं म्हणायचे. त्या लोणच्यातून मी सगळ्यांची तिसरी सॅम्पल्स काढली आणि सीआरपी लावलं. हे हार्मोन नाही. शरीरात कुठे इजा झाली, सूज आली की यकृत ते बनवतं. ते हळूहळू चढतं आणि त्याला सकाळ-दुपार कळत नाही. राहुकाळही कळत नाही.

फरक होता, चांगला ठळक. ओपनवाल्यांचं वर, दुर्बिणीवाल्यांचं बरंच खाली. म्हणजे निदान आमच्या रुग्णांपुरतं असं दिसलं की दुसऱ्या दिवसाच्या हार्मोनला पद्धतीचं फारसं पडलेलं नव्हतं. धोक्याची घंटा दोन्हीकडे वाजून शांत झाली होती. पण आत मोडतोड किती झाली याचा हिशोब वेगळा होता आणि तो डॉक्टरांच्या बाजूने होता. मी त्यांना फोन केला. त्यांनी "हं" म्हटलं. त्यांच्याकडून हे आभार.

गुरुवारी आम्ही बोर्डासमोर उभे राहिलो. राव सरांनी पहिलंच पान उलटलं.

"सीआरपी हे हार्मोन आहे?"

"नाही सर," मी म्हटलं.

"मग मथळ्यात हार्मोन का?"

"हार्मोनचा निकाल चुकीचा होता, म्हणून मागे घेतलाय. मथळा बदलायचा राहिला."

डॉक्टरांनी डोळे मिटले. राव सरांनी चुकीचा कसा, असं विचारलं. आता सांगावंच लागलं. मी रजिस्टरमधल्या वेळा वाचून दाखवल्या. साडेसात ते नऊ ओपन, नऊनंतर दुर्बीण, कारण राहुकाळ. राव सरांचं स्वतःचं पित्ताशय दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी साडेनऊला निघालं होतं. ते पान मी वाचलं नाही.

राव सर हिशेबी माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दुर्बिणीचा संच सोमवारी साडेसात ते नऊ रिकामा असतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. संच ओटीत उभा असायचा, कापड पांघरून, आणि शेजारच्या टेबलावर डॉक्टर पोट उघडत असायचे. का, तर संच प्रायव्हेट विंगचा, हे ठरलेलं. कुणी ठरवलं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

"नवीन संच नाही," राव सर म्हणाले. "ती वेळ जनरल वॉर्डला द्या. दीड तासात एक होतं ना?"

"होतं," डॉक्टर म्हणाले. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागले नाहीत.

मी जवळजवळ धावत खाली आले. गौरम्मा बॉक्स धूत होती. मी सांगितलं, येत्या सोमवारी साडेसातला तुझं ऑपरेशन, दुर्बिणीने. आठ-नऊ दिवसांत परत कामावर.

तिने बॉक्स उलटा ठेवला. पाणी निथळू दिलं. मग म्हणाली, "बेडा, मेडम." म्हणजे नको.

"नको? का?"

"राहुकाळात नको."

"अगं, पण जनरल वॉर्डचे सगळे तेव्हाच..."

"राहुकाळ आम्हालाही असतो, मेडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आम्हाला विचारत नाहीत, म्हणून आम्ही सांगत नाही. मी दर सोमवारी त्यांची पहिली नळी आणताना जिन्यात अण्णम्मादेवीचं नाव घेते. ओटीपासून इथपर्यंत. त्यांच्यासाठी दुसरं कोण घेणार?"

मला शरम वाटली. मी आठवडाभर काउंटरला, डॉक्टरांना, राव सरांना मनात नावं ठेवत होते. आणि स्वतः धावत येऊन तेच केलं होतं. तिची वेळ परस्पर ठरवून टाकली होती, वर ती खूश होईल असं धरून चालले होते.

नऊनंतरची वेळ मागायला मी काउंटरवर गेले. ती संचासाठी पुढच्या दोन महिन्यांपर्यंत भरलेली होती. दोन महिने गौरम्माकडे नव्हते. आदल्याच आठवड्यात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले होते.

घरी गेल्यावर आईची आठवण झाली. वडील इथे सरकारी कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे आमचा वर्षातून एकदा साताऱ्याचा प्रवास ठरलेला. गाडीची वेळ वाईट निघाली की आई आदल्या दिवशी चांगल्या वेळेला तांदूळ आणि सुपारी एका फडक्यात बांधून शेजारच्या शारदक्कांकडे नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, मग गाडी केव्हाही सुटो. वडील हसायचे, पण ती पुरचुंडी पोचवायला तेच जायचे.

दुसऱ्या दिवशी हे मी गौरम्माला सांगितलं. तिने नीट विचार केला.

"ऑपरेशनचं प्रस्थान काय असतं?"

तेही होतं. नियमच आहे तसा. ओटीत नेण्याआधी सर्जन स्वतः वॉर्डात येऊन, जिथे छेद द्यायचा तिथे पेनने खूण करतो, चुकीचं काही कापलं जाऊ नये म्हणून. डॉक्टर ती खूण पावणेआठला करायचे.

"साडेसातच्या आधी डॉक्टरांनी हात लावला तर?" मी विचारलं.

"मग सुरू झालं," ती म्हणाली. "सरी, मेडम. मग चालेल."

डॉक्टर म्हणाले, "मी राहुकाळ-बिहुकाळ मानत नाही."

"नका मानू. सव्वासातला या."

सोमवारी सातलाच मी वॉर्डात होते. गौरम्मा हिरवा गाऊन घालून बसलेली, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. सव्वासात झाले. सात वीस. डॉक्टरांचा फोन लागेना. महादेवपुऱ्याहून मल्लेश्वरम म्हणजे सकाळीसुद्धा देवाच्या हवाली. सात पंचवीसला गौरम्मा गाऊनच्या नाड्या सोडायला लागली. मी तिचा हात धरून ठेवला, दुसरं काय करणार.

सात सत्तावीसला डॉक्टर पराडकर जिन्यावरून धापा टाकत आले. हातात टोपण काढलेलं पेन. कार त्यांनी चौकात सोडली होती. त्यांनी तिच्या पोटावर चार ठिपके काढले, अगदी सावकाश. मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात एकोणतीस. लिहून घ्या, सिस्टर."

गौरम्माने डोळे पुसले आणि आडवी झाली.

त्या दिवशी तिचं पहिलं सॅम्पल ओटीतून लॅबपर्यंत मी नेलं. जिन्यात मी काही पुटपुटले का, याला रजिस्टरमध्ये रकाना नाही. पोचल्याची वेळ सात बेचाळीस. कॉर्टिसॉल वर होतं, पण त्या वेळेला असावं तेवढंच. दुसऱ्या दिवशीचं सीआरपी मात्र बेताचं. नवव्या दिवशी ती कामावर आली. पहिले काही दिवस बॉक्स मी उचलायचे आणि ती मला तो कसा धरायचा ते शिकवायची.

पुढे जनरल वॉर्डचे सोमवारचे सगळेच रुग्ण साडेसातच्या आधीची खूण मागायला लागले. डॉक्टर सव्वासातला यायला शिकले. मग ही बातमी प्रायव्हेट विंगला लागली. खूण आधी होत असेल तर साडेसातचं आम्हालाही चालेल, अशी काउंटरवर विचारणा सुरू झाली. ज्या वेळेला कुणी हात लावत नव्हतं तिच्यासाठी वशिले यायला लागले. शेवटी राव सरांनी एका ओळीचं सर्क्युलर काढलं, की सोमवारी साडेसात ते नऊ हा वेळ जनरल वॉर्डचाच राहील. एवढं बरं काम त्या बोर्डाने क्वचितच केलं असेल.

अभ्यासाच्या फॉर्मवर निवृत्त होण्याआधी मी दोन रकाने वाढवून घेतले. एक, घड्याळातली वेळ. तो नर्स भरते. दुसरा, ही वेळ कुणी ठरवली. तो गौरम्मा भरते, रुग्णाला विचारून.